उशाशी ठेवलेला पेढा

मालनचा जबडा उचलून मी आत पाहिलं. घसा दिसायच्या जागी पांढरं काहीतरी हललं.

"सक्शन," मी म्हणाले.

मुजावरनं नळी माझ्या हातात ठेवली. पारदर्शक नळीतून पांढऱ्या गुठळ्या वर चढत गेल्या. फाटलेलं दूध होतं ते. भूल दिल्याला एक मिनिटही झालं नव्हतं. तिचा स्वतःचा श्वास आम्ही औषधानं थांबवला होता आणि आम्ही द्यायचा तो श्वास जायची वाट दुधानं भरली होती.

"डोकं खाली घ्या. टेबल खाली!"

ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा सूर उतरायला लागला. रक्तातला ऑक्सिजन कमी होईल तसा तो सूर खाली उतरतो. त्या खोलीत काम करणाऱ्या कुणालाही आकडा बघावा लागत नाही. मी ओढत होते, पुसत होते, पुन्हा बघत होते. शेवटी दोन गुठळ्यांच्या मधून श्वासनलिकेचं तोंड दिसलं आणि मी नळी आत सारली. नळीतूनही दूधच आलं.

सर्जन डॉक्टर बेंद्रे हात धुऊन, कोपरं वर धरून दारात उभे होते. "काय झालं?"

"फुप्फुसात गेलंय, सर. दूध."

"काय?"

माझा आवाज मुळातच बारीक. 'ताम्हनकर मॅडमचं बोलणं फक्त बेशुद्ध माणसालाच ऐकू येतं,' असं बेंद्रे सर सगळ्यांना सांगायचे आणि मीही हसायचे. मला पुन्हा सांगावं लागलं.

"दूध, सर. पोट रिकामं नव्हतं. आज ऑपरेशन होणार नाही."

त्यांनी मालनकडे पाहिलं, मग मुजावरकडे. "उपाशीपोटाची खात्री कुणी केली?"

"मी, सर," मुजावर म्हणाला. "सहा वाजता. मी विचारलं होतं."

सरांनी हातमोजे न घालताच हात खाली सोडले.

मालन खोत. वय एकतीस, गाव शिरोळजवळचं. लहानपणच्या सांधेतापानं हृदयाची झडप आकसलेली. चार पायऱ्या चढली की धाप. ती झडप बदलायची होती. आदल्या संध्याकाळी मी तिला तपासायला गेले, तर पहिला प्रश्न तिनंच विचारला होता.

"बाई, उसाच्या बांधावर भाकरी घिऊन जायला कदी जमंल?"

"तीन महिन्यांनी."

"तीन? माज्या सासूला सांगू नगा. ती दोनच सांगून बसलीया समद्या गावाला."

तिची सासू, तानूबाई, शेजारीच बसली होती. "सांगितलं तर काय झालं? दोनात उठंल माजी सून. काटक हाय."

त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती काटक सून अतिदक्षता विभागात होती. श्वास यंत्राचा, उजवं फुप्फुस क्ष-किरणात पांढरंफटक. मी तिच्या पायथ्याशी उभी राहून यंत्राचे आकडे बदलत होते आणि पुन्हा होते तिथे आणून ठेवत होते.

मुजावर भिंतीला टेकून उभा होता. तो आमचा निवासी डॉक्टर, दुसऱ्या वर्षाला होता. हुशार होता, आणि हुशार मुलांना असते ती घाई त्याला नव्हती.

"मॅडम, मी खरंच विचारलं होतं. सासू आणि पेशंट दोघींना. 'काही खाल्लं का? काही प्यालात का?' दोघी नाही म्हणाल्या. शपथेवर सांगतो."

"शपथ कशाला घेतोस?"

"सरांनी लेखी मागितलंय. उद्यापर्यंत. मी न विचारताच खूण केली, असं ते धरून चाललेत." त्यानं खाटेकडे पाहिलं. "मॅडम, ही वाचेल ना?"

मी यंत्राचे आकडे पुन्हा पाहिले. मनात जप सुरू केला, तो सतराव्या मण्याला तुटला. पुन्हा सुरू केला. बाविसाव्याला तुटला.

माझा एक नेम होता, तो इथे सांगायला हवा. मुंबईतलं शिक्षण संपवून मी या हॉस्पिटलात आले, तेव्हापासूनचा. ज्या पेशंटला मी भूल दिली, त्याच्या घशातली नळी निघेपर्यंत मी अन्न घेत नसे. बहुतेकांची नळी संध्याकाळी निघे, काहींची दुसऱ्या सकाळी. एखादं जेवण चुके, एवढंच. घरी कुणी विचारलं तर भूक नाही म्हणायचं. आणि दर बुधवारी माझा भाऊ नरसोबाच्या वाडीहून पेढे आणून द्यायचा, ते देवापुढे ठेवून चांदीच्या छोट्या डबीत भरायचे. सकाळी ऑपरेशनला जाण्यापूर्वी बेंद्रे सर हात पुढे करायचे. "आण, इंधन दे." सिस्टर घ्यायच्या. मुजावरही घ्यायचा, दोन्ही हातांनी. एक पेढा आदल्या संध्याकाळीच पेशंटच्या माणसांना जायचा. अकरा वर्षं असंच चाललं होतं.

साडेअकराला मी बाहेर आले. तानूबाई बाकावर पाय वर घेऊन बसली होती. मालनच्या चपला आणि बांगड्या एका पिशवीत घालून ती मांडीवर घेतली होती. तिचा मुलगा, मालनचा नवरा, साखर कारखान्यात पाळीवर होता, दुपारी येणार होता.

"मावशी, मला खरं सांगा. मी रागावणार नाही. सकाळी मालननं काय खाल्लं?"

"काय बी न्हाई."

"चहा? बिस्कीट?"

"एक घोट न्हाई, बाई. त्या पोरानं इचारलं तवाबी सांगितलं. कालच्या रात्री आठाला आमटी-भात खाल्ला, त्येच्यानंतर दातावर दात." ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "काय झालंय तिला? तो मोठा डाक्तर म्हनला, पोटात काय तर हुतं. मी म्हनलं, पोटात काय असंल? उपाशी ठिवलीय की आमी."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारी माणसं माझ्याकडे रोज येत. खोटं बोलताना माणूस पिशवी चाचपतो, पदर नीट करतो. ही सरळ बघत होती. मग दूध आलं कुठून? मला बसवेना आणि उठवेना. तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं तशी मी दुसरं काही न सुचून पर्समधली डबी काढली. गुरुवार होता, डबी भरलेली होती.

"घ्या, मावशी. देवाचा आहे. बरी होईल ती."

तिनं पेढा कपाळाला लावला, पण तोंडात घातला नाही. पदराच्या टोकात बांधायला लागली.

"ह्यो बी तिलाच दीन. सकाळचा तर दिलाच की."

"कुठला सकाळचा?"

"तुमी काल दिलासा त्यो. रातभर तिच्या उशाशी ठिवला हुता. पाटं पाचला उटवली, आंगुळ घातली, म्हनलं, आता आत न्हेत्यात, परसाद पोटात जाऊ दे. त्यो कोरडा, तिला गिळंना. तोंड सुकलेलं. मग फाटकाम्होरच्या गवळ्याकडनं घेतलं हुतं त्या दुधात कालवला. मोठा पेला हुता, समदा पाजला. परसाद थोडा तरी टाकायचा असतोय व्हय?"

ती बोलत राहिली. मला फक्त 'मोठा पेला' ऐकू येत होतं.

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

"त्येनं खाल्लं-प्यालं काय म्हनून इचारलं. परसाद काय खानं-पिनं हाय?" मग जरा चिडूनच म्हणाली, "आनि तुमच्याच हातचा न्हवं त्यो? तुमी दिलासा, मग आमी काय म्हनून सांगायचं?"

तिच्या पदराला गाठ पडली होती. मी ती सोडवली. पेढा काढून घेतला, तेव्हा तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

"हा देऊ नका, मावशी. तिच्या तोंडात नळी आहे."

"मग मी खाऊ?"

"तुम्ही खा."

तिनं खाल्ला. मी पुन्हा आत गेले.

शुक्रवारी मालनला ताप चढला. ऑक्सिजन वाढवावा लागला. मी देवासमोर बसले, पण पोथीची तीच ओळ तीनदा वाचली आणि पोथी बांधून ठेवली. बुधवारी रात्रीनंतर अन्न नव्हतं. दूध घेतलं तरी चाललं असतं माझ्या नेमात, पण समोर आलेला पेला मी तसाच बाजूला सारायचे.

दुपारी बेंद्रे सरांनी बोलावलं. टेबलावर कागद होता. निवासी डॉक्टर तन्वीर मुजावर यांनी उपाशीपोटाची खात्री न करता तशी नोंद केली, म्हणून सहा महिने ऑपरेशनच्या कामातून बाजूला ठेवावं, असा.

"तुमची सही लागेल, मॅडम. भूल विभागाची."

"त्यानं विचारलं होतं, सर."

"विचारलं असतं तर तिनं सांगितलं नसतं? एवढं दूध काय हवेतून आलं?"

मग मी सांगितलं. तानूबाईनं सांगितलं तसं सगळं. सर ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या खणाचं हँडल मला दिसत होतं. कालचा पेढा त्यांनी खणात ठेवला असणार. ऑपरेशन झालंच नव्हतं, आणि ते पेढा नेहमी ऑपरेशन झाल्यावर खायचे.

"हे लिहू नका," ते म्हणाले.

"का?"

"अहो, का म्हणजे? उद्या बाहेर काय बोलतील? प्रसादानं बाई मेली. हॉस्पिटलच्या ट्रस्टची मंडळी वाडीला जातात दर पौर्णिमेला. आणि तुमचं काय? अकरा वर्षं लोक तुमच्या नावानं इथे येतात. म्हणतात, ती देवमाणूस बाई भूल देते तिथे चला." ते पुढे वाकले. "मुलगा तरुण आहे. सहा महिन्यांनी विसरेल. तुम्हाला कुणी विसरणार नाही."

"ती मेलेली नाही, सर."

"काय?"

"ती मेलेली नाही. आणि प्रसादानं झालेलं नाही. माझ्यानं झालंय. मी पेढा दिला आणि 'जवळ ठेवा' म्हणाले. खायला द्यायचा नाही, हे म्हणाले नाही. अकरा वर्षांत एकदाही म्हणाले नाही."

कागद मी माझ्याकडे ओढला. सरांचं पेन घेतलं आणि मुजावरच्या नावावरून एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: आदल्या संध्याकाळी मी, डॉ. शरयू ताम्हनकर, नातेवाइकांना खाण्याचा पदार्थ दिला. त्याबाबत कोणतीही सूचना दिली नाही. सही केली. अक्षर मला माझंच वाटेना.

सरांनी तो कागद दोनदा वाचला. "चुकलंय तुमचं," ते म्हणाले. नेमकं कशाबद्दल म्हणाले, ते मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी यादीत आणखी एक ऑपरेशन होतं. निवृत्त पोस्टमास्तर, तीन रक्तवाहिन्यांची बायपास. मनगटाच्या नाडीत सुई घालायची होती. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. गेली कित्येक वर्षं माझी सुई दुसऱ्यांदा चुकली नव्हती. पोस्टमास्तर म्हणाले, "असू द्या मॅडम, टपाल कधीकधी उशिरा येतं." मी तिसऱ्यांदा हात पुढे केला, तर मुजावरनं हळूच माझं मनगट धरलं.

"मॅडम, जरा बाहेर याल?"

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तोंडात शेवटचं काय गेलं तुमच्या?"

"म्हणजे?"

"बुधवारपासून तुम्ही जेवला नाहीत. सगळ्यांना माहीत आहे. सिस्टरनासुद्धा. कुणी बोलत नाही तुमच्यासमोर."

"माझा नेम आहे, मुजावर. मालनची नळी निघेपर्यंत."

"ठीक आहे. पण मग आज तुम्ही या पेशंटला हात लावायचा नाही." तो दारात आडवा उभा राहिला. "हात कापतायत तुमचे. मी भूल देईन, बेंद्रे सरांना सांगेन, ओरडू देत. नाहीतर तुम्ही जेवा."

मी त्याच्याकडे पाहिलं. मला राग यायला हवा होता. मला एवढंच वाटलं, की मी जेवले आणि मालनला काही झालं, तर?

"डबा आणलाय," तो म्हणाला. "आईनं दिलाय. मेथीची भाजी आणि चपाती. नवीन भांड्यात केलंय, तिनं मुद्दाम सांगायला सांगितलं."

हात धुवायच्या जागेच्या शेजारी स्टूल होतं, त्यावर बसून मी जेवले. मुजावर दुसरीकडे बघत उभा होता. दोन चपात्या झाल्यावर मी विचारलं, "तू मला 'जेवलात का' असं नाही विचारलंस."

"नाही विचारलं. तुम्ही 'भूक नाही' म्हणाला असता." तो जरासा हसला. "आमच्या घरी रोज्यात 'खाल्लं का' असं कुणी विचारतच नाही, मॅडम. तोंडात काही गेलं का, असं विचारतात. चुळीचं पाणी गेलं तरी माणूस सांगतो. मालनला मी तसं विचारायला हवं होतं. तिनं तेवढं सांगितलं असतं."

मी डब्याचं झाकण लावलं. आम्ही दोघं पोस्टमास्तरांकडे परत गेलो.

"काका, काल रात्रीपासून काही खाल्लंय?" मी विचारलं.

"छे! कडक उपाशी."

"आणि तोंडात काय काय गेलं?"

"तोंडात?" ते आठवायला लागले. "सकाळी दात घासले. मग मुलीनं अंगारा दिला, तो जिभेला लावला. तुळशीचं पान. आणि एक ते आपलं, चहा. अर्धा कप. चहा काय खाण्यात धरत नाहीत."

"दुधाचा?"

"बिनदुधाचा चहा माणूस पितो का मॅडम?"

मुजावर आणि मी एकमेकांकडे बघितलं. त्यांचं ऑपरेशन दुपारी दोनला झालं. बेंद्रे सर पाच तास पाय आपटत फिरले. सुई मीच घातली, पहिल्या प्रयत्नात.

त्या संध्याकाळी मालनचा ताप एकशेतीनवर गेला. मी तिच्या पायांशी उभी होते आणि माझ्या पोटात मेथी होती. तानूबाई काचेतून बघत होती. रविवारी ताप तसाच. मी घरी जाऊन आले, पुन्हा परत आले, गाडी लावायच्या जागी उतरले आणि वर न जाता दोन फेऱ्या मारल्या. नेम मोडला होता. आता देवाला काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, की मोडला मी, हिला धरू नकोस.

सोमवारी ताप उतरला. मंगळवारी सकाळी दहाला तिची नळी काढली.

आवाज घोगरा होता, पण तो आवाज मालनचाच. मी तिच्या उशाशी बसले. तानूबाई पायथ्याशी.

"मालन, एक सांगायचंय. दूध पाजलं म्हणून हे झालं. आणि ते दूध माझ्या पेढ्यासाठी पाजलं. मी सांगायला हवं होतं. चूक माझी होती."

तानूबाई म्हणाली, "बाई, असं काय बोलायचं? परसादानं कुनाचं वाईट हुतंय व्हय?"

मालननं डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग ती म्हणाली, "मला दूध नगंच हुतं. मळमळत हुतं. पन तुमच्या हातचं म्हनून प्याले." आणि डोळे उघडून म्हणाली, "पुन्यांदा तुमीच करनार न्हवं?"

"तू म्हणशील तर."

"मग दुसरं कोन करनार?"

तिच्या झडपेचं ऑपरेशन त्यानंतर चोवीस दिवसांनी झालं. मधल्या दिवसांत मी आणि मुजावरनं पेशंटना भूल देण्यापूर्वी विचारायच्या प्रश्नांचा कागद नव्यानं लिहिला. त्यात 'उपाशी आहात का' हा प्रश्न नाही. त्यात आहे: कालपासून तोंडात काय काय गेलं? आणि खाली एकेकाचं नाव घेऊन विचारायचं. पाणी, चहा, दूध, तीर्थ, प्रसाद, अंगारा, तुळस, दाताला लावायची मशेरी, पान, तंबाखू, दुसऱ्या डॉक्टरची गोळी. त्यानंतर वीसेक वर्षं मी मुलांना शिकवत आले आहे. नवीन मुलं तो कागद वाचताना 'मशेरी'पाशी हसतात. मी हसू देते. मग त्यांना वॉर्डात नेऊन पहिल्याच पेशंटला विचारायला लावते. परत येताना कुणी हसत नाही.

मालनच्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी तिला भेटायला गेले. डबी पर्समध्ये होती. ती काढू की नको, हे मला ठरवता येत नव्हतं. तानूबाईनंच विषय काढला. या वेळी तिनं सुनेच्या खाटेभोवती पाण्याचा तांब्याही ठेवू दिला नव्हता. शेजारच्या पेशंटचा नातू केळं घेऊन तिथून गेला, तरी त्याच्यावर ओरडली होती.

"ह्या खेपंला पेढा न्हाई, बाई?"

"आज नाही, मावशी."

मालन म्हणाली, "हाय तुमच्याकडं. पर्स दाबून धरलीया." मग म्हणाली, "ठिवा तुमच्याचपाशी. मी उठल्यावर मागून घीन."

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. झडप बसली, हृदय आपलं आपण चालू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नळी निघाली. नळीनं घसा बसला होता, तिला बोलता येत नव्हतं. तिनं चादरीखालून उजवा हात बाहेर काढला, सलाइनची पट्टी लावलेला, आणि माझ्यासमोर तळवा उघडून धरला.

मी डबी काढली. मग थांबले आणि मुजावरकडे वळले.

"हिला तोंडानं द्यायला चालेल?"

त्यानं कागद बघितला, घड्याळ बघितलं. "चार तासांनी, मॅडम. आधी पाणी देऊन बघू."

"चार तास," मी मालनला सांगितलं.

तिनं मान हलवली, पण हात मागे घेतला नाही. मी स्टूल ओढलं, डबी मांडीवर ठेवली आणि तिच्याजवळ बसले. ती डबीकडे बघत होती, मी घड्याळाकडे.